६३ विकेटवर हॉल ऑफ फेम? डायना एडलजींबद्दल बोलूया

फिरकीवेडा:
काल डबा खाताना ऑफिसातला एक जण म्हणतो, भारताच्या जुन्या स्पिनर डायना एडलजी २०२३ ला आयसीसीच्या हॉल ऑफ फेममध्ये गेल्या खऱ्या पण २० टेस्टमध्ये ६३ विकेट म्हणजे असं काय मोठं. अरे, महिला टेस्टमध्ये भारताकडून आजही तोच सगळ्यात मोठा आकडा आहे! आणि टेस्ट २०च का ते बघा ना, १९७६ ला सुरुवात, जानेवारी १९७७ ला पर्थची टेस्ट, आणि त्यानंतर भारताची टेस्ट थेट १९८४ ला. वय २१ ते २७, स्पिनरची ऐन भराची वर्षं, एक टेस्ट नाही. मग विकेट काय गच्चीवर काढायच्या?

पेठेतला_पंच:
मान्य, पण मग शुभांगी कुलकर्णींचं काय? लेगस्पिन, १९ टेस्ट, ६० विकेट, रनही डायनाबाईंपेक्षा जास्त. तीच सात वर्षं त्यांचीही वाया गेली. ३ विकेटचा फरक, आणि इथे पुण्यातच दहा जणांना विचारा, नऊ जण 'कोण?' म्हणतील.

लोकल_८_१२:
आलं का पुणे-मुंबई 😂 आकडे सोडा हो. डायनाबाई वेस्टर्न रेल्वेत होत्या आणि रेल्वेत पोरींना नोकऱ्या मिळाव्यात म्हणून त्यांनी जोर लावला, त्याने किती घरं उभी राहिली. मिताली राजने रेल्वेत नोकरी केली, हरमनप्रीत कौरनेही. आणि १९८६ ला लॉर्ड्सच्या पॅव्हेलियनमध्ये बाई म्हणून आत सोडलं नाही तर म्हणाल्या एमसीसीचं, म्हणजे लॉर्ड्सवाल्या क्लबचं, नाव एमसीपी करा, 'मेल शॉव्हिनिस्ट पिग्ज', शेवटचा पी डुकराचा. हे कुठल्या स्कोअरकार्डात बसतं?

पेठेतला_पंच:
त्या टूरला कॅप्टन कोण होतं? शुभांगीच. बास.

सुलूमावशी:
मला २०१८ खटकतं बाई. क्रिकेट बोर्ड चालवायला सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या कमिटीत डायनाबाई होत्या, मितालीला टी-ट्वेंटी वर्ल्डकपच्या सेमीत बाहेर बसवलं, आपण हरलो, आणि यांनी त्या निर्णयाचीच बाजू घेतली. मितालीने पत्रात सरळ लिहिलं की यांनी पद माझ्याविरुद्ध वापरलं. आपल्याच माणसाने असं केलं की जास्त लागतं.

फिरकीवेडा:
मावशी, टीम त्यांनी निवडली नव्हती. आणि तो कारभार झाला, मैदानाबाहेरचा. करिअरमध्ये कशाला धरता?

सुलूमावशी:
मग रेल्वेतल्या नोकऱ्या काय खेळपट्टीवर वाटल्या होत्या का?