नेतृत्व शिबिर: मी बोलकी नाही, तरी जाऊ का?

शांतकोपरा

नमस्कार. मी सोळा वर्षांची आहे. आमच्या बाईंनी मला न विचारताच उन्हाळी युवा नेतृत्व शिबिरासाठी माझं नाव देऊन टाकलंय. दहा दिवस, निवासी. माहितीपत्रकात 'व्यक्तिमत्त्व विकास, संवादकौशल्य, संघभावना' वगैरे छापलंय, पण सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तिथे नक्की करतात काय, हे कुठेच नाही. स्टेजवर भाषण करावं लागतं का? ओळखीचं कुणीच नाहीये. आणि मुख्य म्हणजे मी 'लीडर' टाइपची अजिबात नाही, वर्गात हजेरी देतानाही माझा आवाज मागे जात नाही. नाव मागे घ्यायला अजून आठवडा आहे. कुणी जाऊन आलंय का?

पेंगुळलेला

मी गेलो होतो. पहाटे साडेपाचला शिट्टी, सहाला मैदानात धावणे, आंघोळीसाठी रांग, रांगेतही कुणीतरी घोषणा देतंय. तिसऱ्या दिवशी मी सत्रात उभ्या उभ्या झोपलो. बाकी मजा आली. टॉर्च ने, रात्री बाथरूम लांब असतं.

शिट्टीवाली

वरची शिट्टी बहुधा माझ्यासारख्याच कुणाचीतरी. दोनदा शिबिरार्थी म्हणून गेले आणि नंतर सात उन्हाळे ताई म्हणून (तिथे मोठे सगळे ताई नाहीतर दादाच). लांब लिहिणार आहे, सवडीने वाच.

आधी भाषणाचं. पहिल्या दिवशी ओळख असते, पण बहुतेक ठिकाणी स्वतःची नाही, शेजारच्याची करून द्यायची. पाच मिनिटं त्याच्याशी बोलायचं आणि मग त्याच्याबद्दल दोन वाक्यं सांगायची. शेवटच्या दिवशी गटागटाने काहीतरी सादर करतात. दहा मिनिटं एकटीने माइकपुढे उभं राहायची सक्ती मी तरी कुठे पाहिली नाही. ज्यांना हौस असते ते आपणहून जातात, त्यांना खाली उतरवणं हेच आमचं काम होऊन बसतं.

दिवसाचा साचा सगळीकडे साधारण एकच: सकाळी व्यायाम, मग एखादं सत्र, दुपारी थोडी विश्रांती, संध्याकाळी मैदानी खेळ, रात्री सगळे गोल करून बसतात. सत्रं काही चांगली, काही रटाळ. तक्ते घेऊन 'नेत्याचे गुण' सांगणारे पाहुणे आले की मीसुद्धा वहीत चित्रं काढत बसायचे. खरं शिबिर खेळात आणि रात्रीच्या गोलात असतं.

एक खेळ सांगते. दोन रांगा समोरासमोर, सगळ्यांनी तर्जन्या छातीच्या उंचीवर पुढे धरायच्या. त्यांवर एक लांब, हलकी काठी आडवी ठेवतात. काम एवढंच की सगळ्यांनी मिळून ती जमिनीवर टेकवायची. नियम एकच, कुणाचंही बोट काठीपासून सुटता कामा नये आणि काठी पकडायची नाही. वाटतं, यात काय आहे! प्रत्यक्षात काठी खाली जायच्या ऐवजी वर चढायला लागते. खांद्यापर्यंत, मग डोक्यापर्यंत. कारण बोट सुटू नये म्हणून जो तो नकळत जरासं वर रेटतो, आणि दहा-बारा जणांचं जरासं मिळून काठी उचलली जाते. आणि तिथे हमखास एकच वाक्य ऐकू येतं: "ए, वर कोण ढकलतंय रे?" प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघतो. सात वर्षांत "मी ढकलतोय बहुतेक" असं पहिल्या पाच मिनिटांत म्हणणारा एकच मुलगा मला भेटला. सुटतं कसं? ओरडाआरडा थांबतो, कुणीतरी एक जण हळू आवाजात आकडे म्हणायला लागतो आणि बाकीचे त्या तालावर गुडघे वाकवतात. आणि हा आकडे म्हणणारा सहसा गटातला मोठ्या आवाजाचा मुलगा नसतो.

तुझ्यासारख्यांसाठी दुसरा खेळ जास्त महत्त्वाचा. चंद्रावरचा. नासाच्या नावाने प्रसिद्ध आहे, बऱ्याच शिबिरांत घेतात. तुमचं यान ठरलेल्या जागेपासून सुमारे ३२० किलोमीटर दूर कोसळलंय, जवळ १५ वस्तू शाबूत आहेत, मुख्य यानापर्यंत चालत पोचायचंय. वस्तूंना महत्त्वाप्रमाणे क्रम द्यायचा, आधी एकट्याने, मग गटाने चर्चा करून. नंतर तज्ज्ञांच्या यादीशी ताडून बघतात. पहिला नंबर ऑक्सिजनच्या टाक्यांना, दुसरा पाण्याला, आणि शेवटचा, पंधरावा, काडेपेटीला. माझ्या गटात एक दांडगा मुलगा होता. "थंडी वाजेल, आग लागणारच!" म्हणून त्याने काडेपेटी पाचवर नेऊन ठेवली. कोपऱ्यातली एक मुलगी म्हणाली, "पण तिथे हवाच नाही ना, काडी पेटणार कशी?" एकदाच म्हणाली, तेही कागदाकडे बघत. कुणी ऐकलं नाही, मीही नाही, आणि मी तर तेव्हा ताई होते! निकाल लागल्यावर तिच्या एकटीच्या यादीला गटाच्या यादीपेक्षा चांगले गुण. खरं तर गटाची यादी बहुतेकदा एकेकट्याच्या सरासरीपेक्षा बरी येते, आमची आली नाही. रात्रीच्या गोलात दादांनी आग लावणाऱ्या मुलाला काही विचारलं नाही. आम्हा उरलेल्यांना विचारलं, "ती बोलली तेव्हा तुम्ही काय करत होता?"

म्हणून सांगते, तुझा आवाज मागे जात नाही ही शिबिरात जितकी तुझी अडचण, तितकीच मागे बसलेल्यांची.

आता जरा वाईट भाग. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भांडणं होतात. पहिले दोन दिवस सगळे गोड असतात, मग कुणी भांडी घासायला येत नाही, कुणी सारखं हुकूम सोडतं, दोघी एकमेकींशी बोलेनाशा होतात. त्या रात्री फोन मिळाला तर अर्धं शिबिर घरी निघून जाईल (फोन बहुतेक ठिकाणी जमा करतात, ठरल्या वेळी बोलायला देतात). पण हे शिबिर बिघडल्याचं लक्षण नव्हे. ब्रूस टकमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६५ मध्येच गटांचे चार टप्पे मांडलेत. आम्ही त्यांना आमच्या भाषेत जमणं, भांडणं, जुळणं आणि कामाला लागणं म्हणतो. १९७७ मध्ये पाचवा आला, पांगणं. दहा दिवसांत हे सगळे होतात, शेवटच्यात रडारड ठरलेली.

आणि 'आजचा नायक'. रोज प्रत्येक गटात एक जण दिवसभर गट सांभाळतो, पाळी सगळ्यांवर येते. मुलांच्या हाती गट सोपवायची ही पद्धत जुनीच आहे. १९०७ मध्ये स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं, तेव्हाही मुलांचे चार गट होते आणि प्रत्येकाचा म्होरक्या त्यांच्यातलाच एक मुलगा.

माझी पाळी आली तो दिवस टेकडीवर जायचा होता. मी पंधरा वर्षांची, हातात नकाशा, गळ्यात शिट्टी. मी अशी चालले, अशी चालले की वीस मिनिटं आधी माथ्यावर पोचले. झेंडा रोवला, मोजणी केली, तर नऊच जण. गट अकराचा. एकाच्या टाचेला नव्या बुटाने फोड आला होता, तो खालीच बसून राहिला होता आणि एक मैत्रीण त्याच्यासोबत थांबली होती. तिने हाका मारल्या होत्या. माझ्यापर्यंत पोचल्या नाहीत. दादा मागे होते म्हणून धोका काही नव्हता, पण मला ते माहीत नव्हतं. धावत खाली जातानाची ती दहा मिनिटं अजून पोटात गोळा आणतात. रात्री गोलात मला वाटलं आता बोलणी बसणार. ताईंनी एकच विचारलं, "शेवटून दुसरं कोण चालत होतं?" मला सांगता येईना. "बरं," म्हणाल्या आणि पुढच्याकडे वळल्या.

त्यानंतर मी आयुष्यात कधी पुढे चालले नाही.

घरची आठवण येईल, पहिल्या दोन-तीन रात्री जास्त. कामात असताना येत नाही, दिवे मालवल्यावर येते. कुणालातरी सांग, पांघरुणात तोंड खुपसून बसू नकोस, तुझ्या शेजारचीही तेच करत असते. आणि घरच्यांना "नाही आवडलं तर लगेच घ्यायला येऊ" असं कबूल करायला लावू नकोस. ते वचन असलं की पहिल्या कठीण रात्रीपासून मन तिथेच अडकून राहतं. त्यापेक्षा आधी एक-दोन रात्री एखाद्या नातेवाइकाकडे एकटी राहून बघ.

रिकामा वर्ग

ताई छान लिहिलंत, पण एक बाजू राहिली. गटागटांत स्पर्धा लावून गुणफलक टांगणारी शिबिरंही असतात, आणि ते अंगाशी येऊ शकतं. मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाचा १९५४ चा अमेरिकेतल्या ओक्लाहोमातला प्रयोग आम्हाला अभ्यासाला होता. अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचे शिबिरात दोन गट केले, बक्षिसांच्या स्पर्धा लावल्या, तर एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली. नुसतं एकत्र जेवायला बसवून काही झालं नाही, उलट अन्न फेकाफेकी. पाणीपुरवठा बंद पडला आणि दोघांना मिळून शोधाशोध करावी लागली, अशा दोन-चार कामांनंतर कुठे वैर निवळलं. तेव्हा शांतकोपरा, गुणांसाठी कुणी हमरीतुमरीवर आलं तर मनावर घेऊ नकोस.

शिट्टीवाली

शंभर टक्के. आम्ही चौथ्या वर्षी गुणफलक काढून टाकला. आधीच्या रात्री एका गटाने दुसऱ्याचा तंबू पाडला होता. आत माणसं होती.

एक आई

मी या मुलीच्या आईच्या जागी असते तर आधी सुरक्षिततेचं विचारलं असतं. फोन जमा, दहा दिवस, अनोळखी मोठी माणसं. पालकांनी नक्की काय विचारावं?

शिट्टीवाली

योग्य प्रश्न, आणि विचारल्यावर जे आयोजक वैतागतील तिथे पाठवूच नका. किती मुलांमागे किती मोठी माणसं? अंदाजासाठी सांगते, अमेरिकन कॅम्प असोसिएशन निवासी शिबिरात ९ ते १४ वयाच्या आठ मुलांमागे आणि १५ ते १८ वयाच्या दहा मुलांमागे एक, असं प्रमाण धरते. रात्री मुलींच्या खोल्यांजवळ कोण असतं? एखादा मोठा माणूस एकट्या मुलासोबत बंद खोलीत राहू नये असा नियम आहे का? पाण्याचे खेळ असतील तर जीवरक्षक कोण? प्रथमोपचार येणारी व्यक्ती पूर्ण वेळ आहे का, जवळचं रुग्णालय किती लांब? औषधं, ॲलर्जी, दमा हे फॉर्मात लपवू नका, "तिला वेगळं काढतील" म्हणून लपवणारे पालक मी पाहिलेत आणि मध्यरात्री इनहेलर शोधत आम्ही पळालोय. फोन जमा असला तरी तातडीला घरी बोलता येतं का, हेही लेखी घ्या.

पेंगुळलेला

आणि प्रमाणपत्राचा पुढे उपयोग होतो का? माझं कुठल्यातरी फाइलीत पडलंय.

शिट्टीवाली

नुसत्या कागदाचा नाही. पण मुलाखतीत "गटात मतभेद झाले तेव्हा काय केलं?" असं विचारलं की ज्याच्याकडे खरा प्रसंग असतो त्याला घोकावं लागत नाही. झोपलास म्हणून सांगू नकोस फक्त.

शांतकोपरा

सगळ्यांचे आभार. आईला तो सुरक्षिततेचा प्रतिसाद वाचून दाखवला, ती उद्या आयोजकांना फोन करणार आहे. नाव मागे घेत नाहीये, निदान आज तरी. ताई, एक विचारायचं होतं. टेकडीवर जाताना मी नेहमीच शेवटी असते, खूप हळू चालते. 'आजचा नायक' व्हायची पाळी आली तर?

शिट्टीवाली

मग शेवटीच चाल आणि पुढे जायला दुसऱ्या कुणालातरी नेम. जो सगळ्यांत जोरात चालतो त्यालाच दे, पण त्याला सांग, दर वळणावर थांबून मागचं माणूस दिसेपर्यंत हलायचं नाही. एक शिट्टी त्याच्याकडे, एक तुझ्याकडे. एकदा वाजली की थांबा, दोनदा वाजली की चला, हे निघायच्या आधी सगळ्यांकडून वदवून घे.

आणि बूट नवे घेणार असशील तर आजच घे आणि रोज तासभर घालून फिर. टाचेचं मी वर सांगितलंच आहे.