८६ डीबीच्या स्पीकरवर ८ वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प चालेल का? (ख्याल, नाट्यसंगीत)

गंगापूररोडकर
नमस्कार मंडळी. माझं ऐकणं मुख्यतः ख्याल आणि नाट्यसंगीत. त्यातही जुन्या तबकड्यांवरून डिजिटल केलेलं बरंच: द. वि. पलुस्कर, हिराबाई बडोदेकर. खोली १२ बाय १४ फूट, टू-वे बुकशेल्फ स्पीकर, ८ ओहम, सेन्सिटिव्हिटी (एक वॅटला एका मीटरवर किती आवाज) ८६ डीबी. सध्या ५० वॅटचा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प आहे.

इथेच नाशकात एक वापरलेला सिंगल-एंडेड (चॅनेलला एकच पॉवर ट्यूब) ईएल-३४ ट्यूबचा अ‍ॅम्प विकायला आहे. चॅनेलला ८ वॅट. त्यावर गळा फार जवळचा वाटला, पण डग्गा सैल वाटला. हा फरक नेमका कशाने पडतो? माझ्या स्पीकरना ८ वॅट पुरतील का? आणि मागच्या पाटीवर २२० व्होल्ट लिहिलंय. आमच्याकडे रात्री मीटर २४५ दाखवतो, त्याचं काय करायचं?

तानपुरा_जोडी
दादा, याची कारणं दोन आहेत. लोक पहिल्याबद्दलच बोलत राहतात, पण तुमच्या बाबतीत दुसरं जास्त मोठं आहे.

पहिलं म्हणजे हार्मोनिक, मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे सूर. सिंगल-एंडेड अ‍ॅम्पची विकृती मुख्यतः दुसऱ्या हार्मोनिकची असते. गायकाने मध्य षड्ज लावला की त्यात थोडा तार षड्ज मिसळतो. तिसरा हार्मोनिक तार सप्तकातला पंचम, पाचवा त्याच्याही वरच्या सप्तकातला शुद्ध गंधार. हे सगळे सूर तानपुऱ्यात आधीच वाजत असतात, म्हणून कानाला परके वाटत नाहीत, उलट आवाज भरल्यासारखा वाटतो. सातवा हार्मोनिक मात्र कोमल निषादाच्याही खाली पडतो आणि अकरावा दोन मध्यमांच्या मधेच कुठेतरी. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प क्लिप झाला (ताकद संपून आवाजाची लाट छाटली गेली) की हे वरचे हार्मोनिक एकदम उसळतात, ट्यूबमध्ये ते हळूहळू चढतात.

पण हे झालं एकट्या सुराचं. गळा, हार्मोनियम आणि डग्गा एकदम आले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून जे नवे सूर तयार होतात, ते कुठल्याच तानपुऱ्यात नसतात. अर्ध्या-एक वॅटला ते जाणवत नाही. ८ वॅटचा अ‍ॅम्प ६-७ वॅटवर नेला की द्रुत लयीत सगळं गढूळ होतं.

दुसरं कारण आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे यंत्राचा स्वतःचा आतला विरोध. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पचा ओहमच्या एक दशांशाच्या आसपास किंवा त्याहून कमी, अशा ट्यूब अ‍ॅम्पचा सहज २ ओहम. ८ ओहमचा म्हणून विकलेला स्पीकर सगळीकडे ८ ओहम नसतो. बासच्या रेझोनन्सला (कोन ज्या कंपनाला आपोआप जोरात हलतो तिथे) तो ३० ओहमपर्यंत चढतो, मधे कुठेतरी ६ वर उतरतो. २ ओहमच्या अ‍ॅम्पवर ३० ओहमच्या जागी ०.६ डीबी कमी होतात, ६ ओहमच्या जागी २.५ डीबी. म्हणजे जवळजवळ २ डीबीचा आपोआप लागलेला टोन कंट्रोल, आणि तोही प्रत्येक स्पीकरला वेगळा! शिवाय स्पीकरच्या कोनवरची पकड सुटते, म्हणून डग्गा सैल. क्रॉसओव्हरच्या (आवाज मोठ्या आणि छोट्या स्पीकरमध्ये वाटणाऱ्या सर्किटच्या) जागी इम्पिडन्स वर असेल तर गळा पुढे येतो.

हे पैसे न घालवता घरी तपासता येतं. टीव्ही दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानातून २.२ ओहम, १० वॅटचे दोन वायरवाउंड रेझिस्टर आणा. सध्याच्या अ‍ॅम्पच्या प्रत्येक चॅनेलच्या प्लस वायरमध्ये एकेक सिरीजमध्ये जोडा. आवाज सुमारे २ डीबी पडेल, तेवढा व्हॉल्यूम वाढवूनच तुलना करा, नाहीतर मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो. रेझिस्टर गरम होतात, गालिच्यावर टाकू नका. एवढ्यानेच गळा जवळ आला, तर तुम्हाला आवडलेल्या गोष्टीचा मोठा भाग हाच होता.

ताकदीचं गणित सरळ आहे. ८६ डीबीच्या स्पीकरला ८ वॅट म्हणजे एका मीटरवर ९५ डीबी, बसायच्या जागी त्याहून कमी. नेमस्त आवाजात ख्याल ऐकायला पुरतं, नाट्यगीतातल्या वरच्या तानेला पुरणार नाही. ९२ डीबीचे स्पीकर घेतलेत तर हेच ८ वॅट आताच्या ३२ वॅटचं काम करतील. माझं स्पष्ट मत: आधी स्पीकर, मग अ‍ॅम्प.

आणखी एक. पलुस्कर १९५५ मध्येच गेले, त्यांचं सगळं ध्वनिमुद्रण मोनो आणि व्हॉल्व्हच्याच (म्हणजे ट्यूबच्याच) काळातलं. त्या यंत्रांचा रंग तबकडीत उतरलेला आहेच. ट्यूब अ‍ॅम्प त्यावर आपला रंग चढवतो, हरवलेलं काही परत आणत नाही.

ओहमचा_नियम
वरचं सगळं पटलं. मी फक्त २२० च्या पाटीबद्दल लिहितो.

२२० च्या प्रायमरीला (ट्रान्सफॉर्मरच्या मेन्सकडच्या गुंडाळीला) २४५ दिलेत तर सगळी व्होल्टेजं ११ टक्के चढतात. ट्यूबचा हीटर ६.३ व्होल्टचा ७.० होतो, आणि १० टक्क्यांची मर्यादा ६.९ ला संपते. हीटरने तापणाऱ्या कॅथोडचं आयुष्य कमी होतं. ईएल-३४ चं उदाहरण घ्या: कॅथोड रेझिस्टर २७० ओहम, त्यावर १९ व्होल्ट, म्हणजे ७० मिलिअ‍ॅम्पिअर. प्लेट ते कॅथोड ३२० व्होल्ट असतील तर २२ वॅट. तोच अ‍ॅम्प २४५ वर ३५५ व्होल्ट आणि ७८ मिलिअ‍ॅम्पिअर, म्हणजे २७ वॅटच्या वर. ईएल-३४ ची प्लेट २५ वॅटची. यातला स्क्रीनचा (ट्यूबमधल्या दुसऱ्या जाळीचा) वाटा वजा केला तरी ट्यूब काठावर चालते.

उपाय बकिंग ट्रान्सफॉर्मर, म्हणजे मेन्समधून काही व्होल्ट वजा करणारा. २३० ते २४ व्होल्ट, २ अ‍ॅम्पिअरचा घ्या (१२-०-१२ ची दोन्ही टोकं चालतात, मधली वायर इन्सुलेट करून सोडा). प्रायमरी मेन्सवर, सेकंडरी फेजमध्ये सिरीजला. आधी ४० वॅटचा बल्ब लावून मोजा: २२० च्या आसपास आले तर बरोबर, २७० आले तर सेकंडरीची टोकं उलटवा. फेजमध्ये २ अ‍ॅम्पिअरचा स्लो-ब्लो फ्यूज हवाच. या जोडणीत सेकंडरीसुद्धा मेन्सवर जिवंत असते, त्यामुळे सगळं बंद डब्यात ठेवा आणि डबा धातूचा असेल तर त्याला अर्थिंग द्या. मेन्सचं काम हातचं नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

बकिंग वगळणारा बायपास स्विचही ठेवा. मेन्स २१५ वर उतरला तर बकिंगनंतर १९३ उरतात आणि हीटर ५.५ वर येतो. तेही ट्यूबला मानवत नाही.

गंगापूररोडकर
दोघांचे मनापासून आभार. रेझिस्टर आजच आणतो. एक राहिलं: गाणं थांबलं की त्या अ‍ॅम्पवर खुर्चीपर्यंत घूं ऐकू येत होतं. सिंगल-एंडेडला एवढं असतंच का?

सातपूरवाला
थोडं असतं, कारण पुश-पुलमध्ये (उलट-सुलट चालणाऱ्या दोन ट्यूबच्या जोडीत) सप्लायचा बराचसा हम (घूं) आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये कापला जातो, इथे ती सोय नाही. पण खुर्चीपर्यंत यायला नको. ८६ डीबीवर खुर्चीपर्यंत येत असेल तर ९२ वर फारच त्रास देईल.

इनपुटच्या सगळ्या वायरी काढून शॉर्टिंग प्लग (इनपुट शॉर्ट करणारे) लावा. हम गेला तर दोष बाहेरचा, बहुधा ग्राउंड लूप (उपकरणांच्या अर्थमधून फिरणारा प्रवाह). सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. तीन पिनेतली अर्थची पिन काढण्याचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका. शॉर्ट करूनही हम राहिला तर त्याची जात ओळखा. खोल आणि मऊ असेल तर ५० हर्ट्झ: हीटरची वायरिंग किंवा एखादी ट्यूब. इनपुटच्या दोन ट्यूबची अदलाबदल करा, हम चॅनेल बदलून गेला तर ट्यूबच खराब. खरखरीत असेल तर १०० हर्ट्झ, म्हणजे फिल्टर कपॅसिटर वाळलेत. ते बदलायचा खर्च किमतीतून कमी करून मागा. झाकण स्वतः उघडू नका, बंद केल्यावरही त्यात ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो.

बघायला जाताना स्वतःचे स्पीकर न्या. ते जोडल्याशिवाय अ‍ॅम्पला सिग्नल देऊ देऊ नका. लोड नसताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर व्होल्टेज उसळतं आणि इन्सुलेशन फुटतं. ४ ओहमचा टॅप (स्पीकर जोडायचं वेगळं टोक) असेल तर त्यावरही लावून बघा, आवाज थोडा कमी होईल पण डग्गा आवरला जाईल.