स्लीप पॅरालिसिस आला की झटायचं की तसंच पडून राहायचं?

उत्तररात्र

मला कॉलेजात असल्यापासून स्लीप पॅरालिसिस होतो. ज्यांना कधी झाला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जाग येते, खोली दिसते, बाहेरचे आवाज ऐकू येतात, पण हात, पाय, मान, जीभ यांतलं काहीच हलत नाही. छातीवर वजन येतं, आणि खोलीत आपल्याशिवाय कोणीतरी आहे याची खात्री वाटते. शंका नाही, खात्री. काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत सगळं सुटतं.

हे कोणाला सांगितलं की सल्ला ठरलेला असतो: जोर लाव, ओरड, काहीही करून अंग हलव. माझं स्पष्ट मत आहे की हा सल्ला चुकीचा आहे आणि त्यानेच तो प्रकार जास्त भयंकर होतो.

का, ते सांगते. ठळक स्वप्नं बहुतेक रेम झोपेत पडतात, म्हणजे मिटलेल्या पापण्यांखाली डोळे भरभर हलतात त्या टप्प्यात. त्या वेळी मेंदूच्या तळाकडून मज्जारज्जूतल्या चेतापेशींना थांबण्याचा संदेश जातो आणि स्नायू ढिले पडतात. नाहीतर स्वप्नात धावणारा माणूस पलंगावरून खाली पडला असता. यातून डोळ्यांचे स्नायू आणि श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला श्वासाचा स्नायू) सुटलेले असतात. स्लीप पॅरालिसिसमध्ये शुद्ध आधी येते आणि स्नायूंवरची ही बंदी नंतर उठते, एवढाच घोळ.

आता छातीचं. फासळ्यांमधले स्नायूही त्या वेळी ढिले असतात. श्वास श्वासपटलावर आपोआप चालू असतो, तो कुठेही अडकलेला नसतो. पण आपण घाबरून मुद्दाम खोल श्वास घ्यायला जातो, छाती हवी तशी फुगत नाही, आणि मेंदू त्याचा अर्थ लावतो की वरून कोणीतरी दाबतंय. जितकं झटाल तितकं ते वजन वाढतं. माझ्या बाबतीत हे दर वेळी असंच झालेलं आहे.

म्हणून मी झटत नाही. डोळे मिटते, श्वासाच्या वाटेला जात नाही, आणि मनातल्या मनात पाठ असलेलं एक गाणं पहिल्या ओळीपासून म्हणायला लागते. बालांद जलाल या संशोधकाने २०१६ साली जवळपास हीच पद्धत मांडली आहे: हे झोपेमुळे होतंय हे स्वतःला सांगायचं, भीतीपासून मनाने दूर व्हायचं, लक्ष आतल्या एखाद्या प्रिय गोष्टीवर धरायचं, आणि स्नायू सैल सोडून हलायचा प्रयत्न करायचाच नाही. २०२० मध्ये नार्कोलेप्सीच्या, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याच्या आजाराच्या, मोजक्या रुग्णांवर ती करून पाहिली तेव्हा हे प्रसंग कमी झाले. गट अगदी लहान होता, हे मान्य. पण निदान दिशा तरी दिसते.

रातपाळी

अजिबात पटलं नाही.

कोपऱ्यातलं ते जे काही आहे ते पलंगाकडे सरकतंय, आणि तुम्ही सांगताय गाणं म्हणा. त्या क्षणी गाणं आठवण्याइतकं मन ताब्यात असतं तर हा धागाच लागला नसता. रेम झोपेत मेंदूतला भीतीचा भाग चांगलाच जागा असतो, ती भीती आपण ठरवून आणत नाही आणि ठरवून घालवूही शकत नाही. 'शांत पडून राहा' असं सांगितलं आणि माणसाला ते जमलं नाही की तो स्वतःलाच दोष देतो. मी दिलाय.

आणि झटणं म्हणजे सगळं अंग उचलायला जाणं नव्हे. ते होत नाही, हे पहिल्या दोन-तीन वेळांतच कळतं. मी फक्त पायाच्या अंगठ्यावर लक्ष देतो. फक्त अंगठा. तो जरा हलला की बाकीचं अंग फटकन सुटतं. यालाही आधार आहे. रेम झोपेत स्नायू ढिले असले तरी बोटं आणि चेहरा अधूनमधून फडफडतात, झोपलेल्या कुत्र्याचे पंजे हलताना कोणीही पाहिले असतील. म्हणजे ही बंदी सगळीकडे, सतत सारखी घट्ट नसते. जिथे ती सैल आहे तिथे जोर लावायचा.

उत्तररात्र

अंगठ्याचं मीही करून पाहिलंय. माझा आक्षेप असा आहे: हा प्रकार आपण काहीही केलं नाही तरी थोड्या वेळात संपतोच. मग संपायच्या आधी आपण शेवटी जे केलं, त्याला श्रेय जातं. अंगठ्याने सुटलं की सुटायच्या वेळी अंगठा हलला, हे कसं ठरवणार?

रातपाळी

बरोबर. मग हाच प्रश्न तुमच्या गाण्यालाही लागू आहे.

उत्तररात्र

आहे ना. म्हणूनच मी असं म्हणत नाही की गाण्याने ते लवकर संपतं. किती वेळ चाललं हे मी मोजतच नाही. माझा प्रश्न आहे की त्या वेळात माझं काय होतं. पूर्वी मी घामाने भिजून उठायचे आणि पुन्हा झोपायची हिंमत होत नसे. आता कूस बदलून झोपते. माझ्यासाठी फरक तो आहे.

साक्षी

दोघांचंही वाचलं. तुम्ही दोघं हे मान्य करूनच पुढे जाताय की हा निव्वळ स्नायूंचा बिघाड आहे. मला ते पुरेसं वाटत नाही. जपानमध्ये याला कानाशिबारी म्हणतात, कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये म्हातारी चेटकीण येऊन बसते असं म्हणतात. एकमेकांशी काही संबंध नसलेल्या लोकांना छातीवर बसणारं, दारातून येणारं, पावलांचा आवाज करणारं तेच का भेटावं? लोकसमजुतींचे अभ्यासक डेव्हिड हफर्ड यांनी न्यूफाउंडलंडमधल्या अनुभवांचा अभ्यास केला, तेव्हा ज्यांनी त्या समजुतीबद्दल कधी ऐकलंही नव्हतं अशांकडूनही तीच वर्णनं मिळाली. म्हणजे गोष्ट ऐकून अनुभव येत नाही, अनुभवातून गोष्ट तयार होते. मला जे दिसलं ते माझ्या आयुष्यातल्या कुठल्याही स्वप्नापेक्षा खरं होतं. त्याला 'काही नाही' म्हणून उडवून लावलेलं मला चालत नाही.

उत्तररात्र

साक्षी, 'काही नाही' असं मीही म्हणत नाही. अनुभव खरा आहे, यात वादच नाही. पण सगळीकडे तेच का भेटतं याचं उत्तर मला तरी सरळ वाटतं: शरीर सगळ्यांचं एकच आहे. श्वासाचं वर लिहिलंय. आणि कोणीतरी असल्याच्या जाणिवेबद्दल सांगायचं तर, २००६ साली स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी अपस्माराच्या एका रुग्णाची तपासणी करताना मेंदूच्या डाव्या बाजूला, कानाच्या थोड्या वरच्या भागाला सौम्य वीजप्रवाह दिला. तिला आपल्या मागे एक सावलीसारखी व्यक्ती असल्याचं जाणवलं. ती बसली की सावलीही तशीच बसायची. प्रवाह थांबला की सावली नाहीशी. स्वतःचं शरीर कुठे आहे याचा हिशोब मेंदूचा हा भाग ठेवतो. तो हिशोब चुकला की आपलंच शरीर दुसरं कोणीतरी म्हणून जाणवू शकतं.

साक्षी

यातून जाणीव कशी होते ते कळलं. तिचं माझ्यासाठी काय मोल आहे ते मीच ठरवणार. पण एक कबूल करते, 'सगळ्यांचं शरीर एकच' हे वाचून मला वाईट वाटलं नाही, उलट सोबत असल्यासारखं वाटलं.

शेजारची बाजू

हा त्रास मला नाही, माझ्या नवऱ्याला आहे. तुम्ही सगळे एकट्याने काय करायचं ते बोलताय. शेजारी झोपलेल्या माणसाचा कोणी विचारच करत नाही.

बाहेरून फार थोडं दिसतं. श्वास भरभर चालतो आणि घशातून बारीक कण्हल्यासारखा आवाज येतो. सुरुवातीला मला वाटायचं की वाईट स्वप्न पडलंय, पडू दे, झोप मोडायला नको. त्याने नंतर सांगितलं की तो आवाज म्हणजे मला मारलेली हाक होती. आता आमचं ठरलंय: तो आवाज आला की मी आधी नावाने हाक मारायची, मग खांद्याला हात लावायचा. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी हात लावला तर त्याला वाटतं की ते जे कोणी आहे त्यानेच धरलं. हाक आणि स्पर्श झाला की तो लगेच सुटतो. त्यामुळे रातपाळी यांनी अंगठा हलवावा की उत्तररात्र यांनी गाणं म्हणावं, हे नंतर. घरात कोणी असेल तर त्यांना हे आधी सांगून ठेवा. अनेक जण लाजेने सांगतच नाहीत.

नियमित

माफ करा, पण ही सगळी चर्चा आग लागल्यावरची आहे. १९९२ मध्ये जपानी संशोधकांनी प्रयोगशाळेत लोकांना रात्री मध्येच उठवून, थोडा वेळ जागं ठेवून पुन्हा झोपवलं. अशाने काहींची झोप थेट रेमपासून सुरू झाली आणि त्यांतल्या काहींना तिथेच स्लीप पॅरालिसिस झाला. म्हणजे तुटक, अपुरी, वेळी-अवेळीची झोप हे मोठं कारण आहे. पाठीवर झोपणं हे आणखी एक. ठरलेल्या वेळी झोपा, कुशीवर झोपा, झटायची वेळच कमी येईल.

दोन गोष्टी मात्र वादात हरवू नयेत. दिवसा अनावर झोप येत असेल, किंवा हसताना, रागावताना अचानक गुडघ्यांतली ताकद जात असेल, तर ती नार्कोलेप्सी असू शकते, झोपेच्या डॉक्टरांना दाखवा. आणि नैराश्यावरची गोळी चालू असेल तर ती मनाने एकदम बंद करू नका. यातल्या बऱ्याच गोळ्या रेम झोप दाबतात, अचानक सोडल्या की ती उसळून येते आणि हे प्रसंग वाढू शकतात.

रातपाळी

दुसरा परिच्छेद मान्य. पहिल्याबद्दल: माझं नाव वाचा. आठवड्याआड पाळी बदलणाऱ्याला 'ठरलेल्या वेळी झोपा' हा सल्ला नाही, टोमणा आहे. आमच्यासारख्यांना त्या क्षणी काय करायचं हेच शिकावं लागतं.

नियमित

टोमणा नव्हता. निदान कुशीवर झोपणं आणि मध्येच अलार्मवर अलार्म न लावणं पाळी असतानाही जमू शकतं.

पहिल्यांदाच

मला हे गेल्या महिन्यात सुरू झालं. घरी कोणाला बोललेलो नाही. एकच विचारायचंय, त्या वेळी डोळे मिटायचे की उघडे ठेवायचे?

उत्तररात्र

मिटा. दिसायचं थांबलं की निम्मी भीती कमी होते.

रातपाळी

उघडे ठेवा आणि जोरात डावीकडे-उजवीकडे फिरवा. सबंध शरीरात तेवढेच तुमच्या हुकमात असतात. आणि घरी आजच सांगा, शेजारची बाजू यांनी लिहिलंय तसं, आधी हाक, मग हात.