रातच्याले डोंगरावरून गार वारा कायले येते?

जागल्या (प्रश्न)
परतवाड्याच्या वरच्या अंगाले, घाटाच्या पायथ्याशी माह्यं वावर आहे. हरभऱ्यात डुकरं शिरतात म्हून थंडीभर जागलीले असतो. रोज पायतो, दिवस बुडाला का घटकाभर पान हालत नाही. मंग नाल्यानं गार वारा उतराले लागते, शेकोटीचा धूर गावाकडं पळते. दुपारी धुऱ्यावरचा कचरा पेटवला तं धूर टेकडीले चाटत वर जाते. पोरीच्या पुस्तकात लिहून आहे का दिवसा डोंगर तापते म्हून वारा वर चढते. पण चिखलदरा तं उन्हाळ्यातबी आमच्याहून थंड! मंग तापते कोण, तो का मी?

निवृत्त गुर्जी
भाऊ, मीही वर्षानुवर्षं तेच वाक्य फळ्यावर लिहिलं, पण हे कोणत्याच पोरानं विचारलं नाही. चिखलदऱ्याची तुमच्या वावराशी तुलना करायचीच नाही. उतारावर 300 मीटर उंचीवरचा एक दगड घ्या, आणि तेवढ्याच उंचीवर पण तुमच्या वावराच्या डोक्यावर अधांतरी असलेली हवा घ्या. उन्हानं दगड तापतो, त्याला लागून असलेली हवा तापते. अधांतरी हवेला तापवायला जवळ जमीनच नाही. उंची एकच, पण दगडाजवळची हवा हलकी, म्हणून ती उतार धरून वर सरकते. हे दरीय वारे.
रात्री तोच दगड आपली ऊब आभाळाला देऊन बसतो. लगतची हवा गार आणि जड होते, पाण्यासारखी उतरते, नाला तिचा पाट. हे पर्वतीय वारे. तुमची ती घटकाभराची शांतता म्हणजे पाळी बदलण्याची वेळ.

संत्रेवाला, वरूड
अन् ते गार पाणी खोलगटात साचते, गुर्जी. माह्या वावरात खालच्या पाच ओळींतली तूर थंडीनं करपली, टेकाडावरची हिरवीगार. मी दोन वर्षं खताले शिव्या देत होतो.

जागल्या
परवा आभाळ होतं, तं धूर शेकोटीवरच बसून रायला. डोळे चुरचुरले नुसते.

निवृत्त गुर्जी
बरोबर. ढग ऊब परत खाली पाठवतात, उतार निवतच नाही. निरभ्र, बाकी वारा नसलेल्या रात्रीच हा खेळ चांगला रंगतो.

जागल्या
म्हंजे माहा वास रातभर गावाकडं जाते, अन् डुकरं येतात वरून! त्यायले मी आहो हे समजतच नसन. अन् मी म्हणो, माहं कुत्रं त्यायच्या आधी कसं भुकते.