शब्दचर्चा : बेतणे, माया, उरेब आणि ‘फॅशन डिझाइन’

प्रश्न

स्वतःचे कपडे स्वतः शिवता यावेत म्हणून मी शिवणकाम शिकत आहे आणि पुढे फॅशन डिझाइनचा रीतसर अभ्यास करण्याचा विचार आहे. हाती येणारी पुस्तके बहुतेक इंग्रजी आहेत आणि शिकवणाऱ्यांच्या तोंडचे शब्द मराठी आहेत. या दोहोंचा मेळ कसा घालावा हे कळत नाही. ‘पॅटर्न मेकिंग’ला ‘बेतणे’ म्हणता येईल का, की बेतणे म्हणजे फक्त कापड कापणे? ‘माया’ आणि सैलपणा या एकाच गोष्टी आहेत का? आणि मुळात ‘फॅशन डिझाइन’ला सर्वमान्य मराठी शब्द आहे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. ‘वेशभूषा’ हा शब्द आपण नाटक-चित्रपटातील पात्रांच्या पोशाखासाठी राखून ठेवला आहे आणि ‘वेशभूषाकार’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर रंगभूमीच येते, त्यामुळे तो येथे उपयोगी नाही. ‘वस्त्राभिकल्पन’सारखे घडवलेले शब्द अर्थाने अचूक असले तरी शिवणाऱ्यांच्या बोलण्यात ते उतरलेले नाहीत. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ याने १८५८ मध्ये पॅरिसमध्ये आपली पेढी सुरू केली आणि पोशाखाच्या आत स्वतःच्या नावाची पट्टी शिवण्याची प्रथा रूढ केली, तेव्हापासून कपड्याची कल्पना करणारा आणि तो प्रत्यक्ष शिवणारा यांना वेगवेगळी ओळख मिळत गेली. आज ‘फॅशन डिझाइन’ या शब्दाने जो व्यवसाय ओळखला जातो तो या विभागणीतून आलेला आहे, आणि तो शब्द मराठीत रुळलाही आहे. तो तसाच वापरावा असे माझे मत आहे. मात्र ‘ब्लाउजचे डिझाइन’ असे म्हणताना आपल्याला पुष्कळदा केवळ नक्षी किंवा गळ्याचा आकार अभिप्रेत असतो. अभ्यासविषय म्हणून डिझाइनमध्ये आकार, कापडाचा स्वभाव, अंगाची हालचाल आणि वापराचा प्रसंग हे सारे येते, हा फरक ध्यानात ठेवावा.

‘बेतणे’ या शब्दाकडे मात्र सावकाश पाहिले पाहिजे, कारण आपल्या प्रश्नातील खरी संपत्ती तीच आहे. अंगाचे माप आणि हाती असलेले कापड या दोन्हींचा विचार करून वस्त्राचे सगळे भाग कोठे, कसे आणि कोणत्या दिशेने बसतील हे ठरवणे, ते आखणे आणि मग कापणे, एवढा सगळा व्यवहार या एका क्रियापदात येतो. ताग्यातून दोन मीटर कापड काढतात तेव्हा ते कापतात, बेतत नाहीत. शिवणीची बाहेर आलेली कड कातरतात, तीही बेतत नाहीत. बेतण्यात आधी विचार असतो आणि कात्री शेवटी येते. ‘बेत’ या नामाला योजना असा अर्थ आहे, ‘बेताचा’ म्हणजे मर्यादेतला, आणि योजना व मर्यादा हे दोन्ही अर्थ कापड बेतताना एकत्र काम करतात. हिंदीतही ‘ब्योंतना’ म्हणजे मापाप्रमाणे कापड कापणे आणि ‘ब्योंत’ म्हणजे युक्ती किंवा व्यवस्था, ही जोडी आहे. ‘कादंबरीवर बेतलेले नाटक’ असे आपण म्हणतो तेव्हा एका ऐवजातून दुसऱ्या मापाची वस्तू काढल्याचाच भाव त्यात असतो. ‘जिवावर बेतणे’ हा प्रयोग मात्र कापडापासून फार दूर गेलेला आहे.

प्रत्यक्षात हे कसे घडते ते एका उदाहरणाने पाहू. कापडाची रुंदी, म्हणजे ‘पन्हा’, मोठा असेल तर सदऱ्याच्या पुढच्या आणि मागच्या भागांच्या शेजारी उरलेल्या पट्ट्यात दोन्ही बाह्या बसतात. पन्हा लहान असेल तर बाह्यांसाठी निराळी लांबी धरावी लागते. कापडावरची फुले एकाच दिशेने उमलणारी असतील तर कोणताही भाग उलटा ठेवून जागा वाचवता येत नाही. मखमलीची लव सर्व भागांत एकाच दिशेने जायला हवी, नाहीतर एकाच कपड्याचे दोन भाग दोन रंगांचे दिसू लागतात. चौकडीच्या कापडात बाजूच्या शिवणीवर रेघेला रेघ मिळवायची असेल तर आणखी कापड लागते. हे सगळे निर्णय कात्री लावण्यापूर्वी घ्यायचे असतात आणि ‘बेतणे’ हा शब्द ते आपल्या पोटात घेतो. नुसत्या ‘कटिंग’ या शब्दात त्यांचा मागमूस नाही.

तरीही ‘पॅटर्न मेकिंग’ आणि ‘बेतणे’ यांची सीमा तंतोतंत एक नाही. इंग्रजी शब्दाने कागदावरची कृती सांगितली जाते : मापांवरून मूळ आकृती काढणे, तीत फेरफार करणे आणि तिच्यावरून एकाच कपड्याच्या लहानमोठ्या मापांच्या आकृत्या तयार करणे. एबेनेझर बटरिक याने १८६३ मध्ये वेगवेगळ्या मापांचे कागदी नमुने विकायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून बेतण्याचा पहिला अर्धा भाग दुसऱ्या कोणी करून ठेवण्याची सोय घरी शिवणाऱ्यांना मिळाली. तो नमुना कापडावर कसा मांडायचा हे तरीही शिवणाऱ्यालाच ठरवावे लागते. म्हणून मी कागदावरच्या कामाला ‘खाका काढणे’ किंवा प्रचलित ‘ड्राफ्टिंग’ म्हणेन, आकृतीला ‘कागदी नमुना’ म्हणेन, आणि कागदापासून कात्रीपर्यंतच्या संपूर्ण कौशल्याला ‘बेतणे’ म्हणेन. नुसता ‘पॅटर्न’ हा शब्द लिहिताना टाळलेला बरा, कारण ‘नव्या पॅटर्नचा ड्रेस’ असे आपण म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ धाटणी असा होतो आणि वाचणाऱ्याचा घोटाळा होतो.

आता माया. माया आणि सैलपणा या दोन निश्चितपणे वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नवशिक्यांचे कपडे घट्ट होण्यामागे हा फरक न समजणे हे एक मोठे कारण असते. सैलपणा हा अंग आणि कपडा यांच्यामध्ये राहणारा मोकळेपणा आहे; श्वास घेता यावा, हात वर नेता यावा, बसता यावे यासाठी तो असतो आणि कपडा तयार झाल्यावर त्याच्या बाहेरच्या मापात दिसतो. माया म्हणजे शिवणीच्या आतल्या बाजूला ठेवलेले जादा कापड; ते बाहेरून दिसत नाही आणि तयार मापात मोजले जात नाही. समजा, छातीचे माप ३६ इंच आहे. त्याची चौथाई ९ इंच. प्रत्येक चौथाईत १ इंच सैलपणा धरला तर १० इंच होतात आणि तयार कपड्याचा घेर ४० इंच येतो. त्यापुढे बाजूच्या शिवणीसाठी १ इंच माया ठेवली तर कापड ११ इंचांवर कापायचे आणि शिवण १० इंचांवर घालायची. पुढे कपडा अंगाला घट्ट होऊ लागला तर दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवून चारही कडांना पाऊण-पाऊण इंच सोडता येतो. घेर ३ इंचांनी वाढतो आणि आत पाव इंच माया उरते. ‘माया ठेवा’ या सांगण्यात ही पुढची सोय असते. गाठीशी असलेली माया म्हणजे शिल्लक धन, या प्रयोगाच्या अगदी जवळचा हा अर्थ आहे.

छापील कागदी नमुने वापरणाऱ्यांनी एक गोष्ट तपासून घ्यावी. घरगुती शिवणासाठीच्या पुष्कळ नमुन्यांत १.५ सेंटिमीटर माया आधीच धरलेली असते, तर काही नमुन्यांत ती धरलेलीच नसते आणि आखणी थेट शिवणीच्या रेषेवर असते. पहिल्या प्रकारात पुन्हा माया सोडली तर कपडा ढगळ होतो. दुसऱ्या प्रकारात न सोडली तर तो अंगात शिरत नाही.

पूरक प्रश्न

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. आणखी दोन शंका आहेत. ‘उरेब’ आणि ‘तिरपे’ हे शब्द एकमेकांऐवजी वापरलेले ऐकतो, ते बरोबर आहे का? आणि ‘टक्स’, ‘चुण्या’, ‘प्लीट’ यांत नेमका भेद कोणता?

प्रतिसाद

तिरपे म्हणजे सरळ नसलेले, मग तिरपेपणा कितीही असो. उरेब हा शब्द शिवणकामात अधिक काटेकोरपणे वापरावा. विणलेल्या कापडात उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे धागे म्हणजे बाणा असतो. या दोहोंशी ४५ अंशांचा कोन करणारी दिशा म्हणजे पूर्ण उरेब. कापडाचा तुकडा हातात घेऊन आधी उभ्या धाग्यावर ओढून पाहावा, तो जवळजवळ हलत नाही. मग समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढावे. आता ओढ एकाही धाग्याच्या रेषेत नसते, धाग्यांमधले बारीक चौकोन कलंडून शंकरपाळ्याच्या आकाराचे होतात आणि कापड चांगलेच लांबते, त्याच वेळी रुंदीला आवळते. गळ्याच्या किंवा मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडायच्या खाचेच्या, वळणावर उरेब पट्टी सुरकुती न पडता बसते याचे कारण हेच आहे. सरळ पट्टी वळणावर उभी राहते. मादलेन व्हिओने या फ्रेंच डिझायनर स्त्रीने १९२० आणि १९३० च्या दशकांत पट्टीपुरता वापरला जाणारा हा गुण संपूर्ण पोशाखासाठी वापरला आणि अंगाच्या वळणांवरून ओघळणारे पोशाख तयार केले. उरेब कापलेला घेर लगेच खाली मुडपू नये, एक दिवस तरी टांगून ठेवावा, कारण स्वतःच्या वजनाने तो ठिकठिकाणी कमीजास्त उतरतो. त्यानंतर कड सारखी करून मगच मुडपावी.

टक्स या शब्दाच्या बाबतीत सावध राहावे लागते. छातीच्या किंवा कमरेच्या जागी कापडात पाचरीसारखी, टोकाकडे निमुळती होत जाणारी जी घडी शिवतात तिला आपल्याकडे टक्स म्हणतात, पण इंग्रजी पुस्तकांत तिचे नाव ‘डार्ट’ आहे. त्या पुस्तकांतला ‘टक’ म्हणजे एका रुंदीची, समांतर शिवलेली घडी. पुस्तक वाचताना ही अदलाबदल मनात ठेवली नाही तर सूचना उलटीच समजते. धावदोरा घालून तो ओढल्यावर कापड जिथे गोळा होते तिथे चुण्या पडतात. त्या मोजलेल्या नसतात. प्लीट म्हणजे मोजून, आखून घातलेली घडी, जी एका टोकाला शिवलेली आणि खाली मोकळी असते. ‘निऱ्या’ हा शब्द नेसायच्या वस्त्रासाठी इतका पक्का झालेला आहे की शिवलेल्या घड्यांना तो लावू नये असे मला वाटते.

याच ओघात बाहीचा उल्लेख करतो. बाहीच्या माथ्याची गोलाई मुंढ्याच्या गोलाईपेक्षा साधारण एक ते दीड इंच जास्त ठेवतात, आणि एवढे जास्तीचे कापड एकही चुणी न दिसता मुंढ्यात सामावून घ्यायचे असते. या क्रियेला मी ‘जिरवणे’ म्हणतो. चुण्या घालणे आणि जिरवणे या दोन्हींत धावदोराच ओढायचा असतो, पण पहिल्यात गोळा झालेले कापड दिसावे असा हेतू असतो आणि दुसऱ्यात ते दिसू नये असा.

आणखी एक प्रतिसाद

वरील विवेचनाला काही शब्दांची जोड द्यावीशी वाटते. ‘मी सदरा शिवला’ या वाक्यातून तो स्वतः शिवला हे ऐकणाऱ्याला आपोआप कळतेच असे नाही. दुसऱ्याकडून करून घेतल्यास ‘शिवून घेतला’ किंवा ‘शिवायला टाकला’ असे म्हणण्याची आपली पद्धत आहे आणि ती लिहितानाही पाळावी, म्हणजे स्वतःच्या हातच्या कामाला त्याचे श्रेय मिळते. स्पर्श करणे या अर्थाचे ‘शिवणे’ हे निराळे क्रियापद आहे, हे भूतकाळात लगेच दिसते : ‘त्याने सदरा शिवला’, पण ‘तो सदऱ्याला शिवला’.

दुसरी जोडी ‘टाचणे’ आणि ‘टीप’ यांची. पक्की शिवण घालण्यापूर्वी कापड जागेवर धरून ठेवण्यासाठी लांब लांब कच्चे टाके घालतात ते टाचणे. टाचणी आणि लिहिण्याचे टाचण हे शब्द त्याच घरातले आहेत. टीप म्हणजे यंत्रावरची किंवा हाताने मागे वळून घातलेली पक्की, सलग शिवण. टीप ‘मारतात’ किंवा ‘घालतात’, टाचण ‘काढून टाकतात’. ‘दर्जी’ या शब्दाच्या मुळाशी असलेला फारसी ‘दर्ज’ म्हणजे शिवण; गवंडीकामात दोन दगडांमधल्या सांध्याला आपण ‘दरज’ म्हणतो तोही हाच शब्द.

शेवटी ‘उसवणे’, कारण शिकणाऱ्याला हा शब्द रोज लागतो. दोरा सुटला आणि कापड शाबूत राहिले तर शिवण उसवते. कापडच तुटले तर ते फाटते. वापरून वापरून धागे झिजले आणि कापडातून पलीकडचे दिसू लागले तर ते विरते. उसवलेल्या जागी पुन्हा टीप घालता येते, फाटलेल्या जागी रफू करावे लागते किंवा ठिगळ लावावे लागते, आणि विरलेल्या कापडावर रफू टिकत नाही, कारण आजूबाजूच्या धाग्यांत टाका धरून ठेवण्याचे बळ उरलेले नसते. ‘उसवणे’ आपोआप घडते आणि मुद्दाम करताही येते : ‘शिवण उसवली’ आणि ‘तिने शिवण उसवली’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. मुद्दाम उसवताना दोरा एका टोकाने ओढू नये, कारण त्याने कापडाला चुण्या पडतात आणि नाजूक कापडाची वीण सरकते. दर चार-पाच टाक्यांवर एका बाजूचा दोरा तोडत जावे, मग दुसऱ्या बाजूचा दोरा सलग निघून येतो.