मोबाइलवर काय वाचायचे, हे आपल्या हातात कसे ठेवावे?

प्रश्न : वाचनवेडी, लातूर जिल्हा

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. गेल्या आठवड्यातल्या एका प्रसंगामुळे हा प्रश्न विचारत आहे.

सोयाबीन शेंगा भरण्याच्या अवस्थेत आहे आणि अळीवर फवारणी करायची होती. पुढचे दोन दिवस उघाड मिळेल का, ते पाहून सांग, असा भावाचा शेतातून फोन आला. मी मोबाइल उघडला, तेव्हा सकाळचे साडेसहा झाले होते. वर एक सूचना दिसली म्हणून फेसबुक उघडले. तिथून एका भांडणाच्या व्हिडिओवर गेले, त्याखालच्या प्रतिक्रिया वाचल्या आणि मग कोणाच्या तरी लग्नाचे फोटो पाहिले. सव्वासातला भावाचा पुन्हा फोन आला, तेव्हा लक्षात आले की हवामानाचा अंदाज मी पाहिलाच नव्हता.

मला वाचनाची आवड आहे आणि इंटरनेटवर मराठीत चांगले लिहिणारे बरेच लोक आहेत, हेही ठाऊक आहे. पण त्यांचे लेखन माझ्यापर्यंत पोहोचत नाही. जे पोहोचते ते मी कधी मागितलेले नसते. सगळे काढून टाकणे मला शक्य नाही, कारण केंद्राचे आदेश, पोषण आहाराची माहिती आणि पालकांचे निरोप व्हॉट्सअॅपवरच येतात. काढून न टाकता हे आपल्या ताब्यात घेता येते का? ज्यांनी स्वतः करून पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १ : अंबाजोगाईहून

ताई, सुरुवात व्हॉट्सअॅपपासून करा, कारण तुमच्या कामाचे आणि बिनकामाचे तिथेच एकत्र झाले आहे.

मी माझ्या सगळ्या गटांचे दोन भाग केले. ज्यांतला निरोप चुकला तर नोकरीत अडचण येईल, असे तीनच गट निघाले. ते वर पिन केले. बाकीचे सगळे अर्काइव्हमध्ये, म्हणजे मुख्य यादीबाहेरच्या कप्प्यात, टाकले. सेटिंगमध्ये चॅट अर्काइव्हमध्येच ठेवण्याचा पर्याय चालू असला, की नवा संदेश आला तरी तो गट वर उसळत नाही. भावकीच्या गटातून बाहेर पडलो असतो तर घरात बोलणे ऐकावे लागले असते. अर्काइव्हमध्ये टाकल्याचे मात्र कोणाला कळतही नाही. रात्री जेवण झाल्यावर एकदा तो कप्पा उघडतो. प्रायव्हसीमध्ये जाऊन आपल्याला गटात कोण जोडू शकते, तेही ठरवून ठेवा. फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरणे बंद करा.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पाच किंवा त्याहून अधिक वेळा पुढे ढकलत आलेल्या संदेशावर दोन बाण दिसतात आणि २०२० पासून असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो. मागच्या पावसाळ्यात आमच्या गटात धरणाचे दरवाजे उघडल्याचा व्हिडिओ आला. नदीकाठच्या वस्तीवरच्या माझ्या मावशीने तो पाहून रात्रीतून सामान बांधले. व्हिडिओ खरा होता, पण तो जुना होता आणि दुसऱ्याच धरणाचा होता. त्यावर ते दोन बाण होते. ते पाहून कोणी थांबले असते, तर सत्तरीतल्या बाईला भर पावसात गोठ्यातली जनावरे सोडावी लागली नसती. तेव्हापासून दोन बाणांचा संदेश मी उघडतो खरा, पण पुढे पाठवत नाही.

उत्तर २ : नांदेडचा, सध्या पुण्यात

वरचा सल्ला योग्य आहे, पण तो नको ते बाजूला ठेवण्याचा झाला. ताईंना हवे ते समोर आणायचे आहे. त्यासाठी फार जुनी आणि अजूनही उत्तम चालणारी सोय आहे : आरएसएस फीड.

ही कल्पना १९९९ सालची आहे. एखाद्या संकेतस्थळावर नवा लेख आला, की त्याचे शीर्षक, तारीख आणि मजकूर एका साध्या फाइलमध्ये नोंदवला जातो; हीच फाइल म्हणजे फीड. फीड वाचणारे अॅप ठरावीक वेळाने ती फाइल पाहते आणि नवे असेल ते तुमच्यासमोर ठेवते. यात तुमच्यावर पाळत ठेवणारा कोणी मध्यस्थ लागत नाही. कोणाचे वाचायचे ती यादी तुम्ही करता; क्रम तारखेने लागतो; आणि आजचे वाचून झाले, की पान संपते. पान संपणे ही या सगळ्यातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे, असे माझे मत आहे. फेसबुकवर तुम्ही पाऊण तास गेलात, कारण त्या पानाला तळ ठेवलेलाच नाही.

गूगलने २००५ साली फीड वाचण्यासाठी 'गूगल रीडर' काढला होता आणि १ जुलै २०१३ रोजी तो बंद केला. त्यानंतर पुष्कळांना वाटले की फीड संपले. प्रत्यक्षात फीड संकेतस्थळांवर तशीच राहिली. अँड्रॉइडवर 'फीडर' नावाचे मोफत अॅप आहे. त्यात खाते उघडावे लागत नाही आणि जाहिरातीही नसतात. संगणक आणि फोन दोन्हीकडे एकच यादी हवी असेल, तर फीडली किंवा इनोरीडर घ्या. आयफोनवर नेटन्यूजवायर चांगले आहे.

आता नेमके काय करायचे, ते सांगतो. आवडत्या ब्लॉगचा पत्ता कॉपी करून फीडरमध्ये चिकटवा. बहुतेक वेळा अॅप स्वतःच फीड शोधून काढते. नाही सापडली आणि ब्लॉग वर्डप्रेस या ब्लॉग चालवण्याच्या सेवेवर असेल, तर पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन रोमन लिपीत 'फीड' हा शब्द जोडून पाहा. मराठीतले कितीतरी ब्लॉग वर्डप्रेस नाहीतर ब्लॉगरवर आहेत आणि या दोन्ही ठिकाणी फीड आपोआप तयार होते. लिहिणाऱ्याला ती असल्याची कल्पनाही नसते. वर्षातून तीनदाच लिहिणारे काही लोक माझ्या यादीत आहेत. समाजमाध्यमांवर अशा माणसाचे लेखन मला कधीच दिसले नसते, कारण तिथे रोज लिहिणाराच वर राहतो. मागच्या महिन्यात त्यांपैकी एकाचा गोदावरीकाठच्या जुन्या घाटांवरचा लेख आला आणि मी तो रेल्वेत बसून शांतपणे वाचला.

यादी ओपीएमएल नावाच्या फाइलमध्ये काढून ठेवता येते. उद्या अॅप बदलले, तरी ती फाइल नव्या अॅपमध्ये घातली की सगळे जागेवर येते. गूगल रीडर बंद झाला, तेव्हा माझ्यासारख्यांची यादी वाचली ती या सोयीमुळेच.

फक्त सुरुवातीला शंभर ठिकाणे जोडू नका. मी तीच चूक केली होती. वृत्तपत्रांच्या फीड जोडल्या आणि दोन दिवसांत बाराशे न वाचलेले मथळे साचले. त्याचाच ताण येऊ लागला. आता वृत्तपत्र मी कागदावर वाचतो आणि फीडमध्ये फक्त माणसे ठेवतो.

वाचनवेडी

दोघांचेही मनापासून आभार. रात्री फीडर उतरवून घेतले आणि सहा ब्लॉग जोडले. पाच लगेच सापडले, सहाव्याला ती तिरकी रेघ द्यावी लागली. पण दोन शंका उरल्या आहेत. यूट्यूबवर मी विज्ञानाचे प्रयोग मुलांना दाखवण्यासाठी जाते आणि तिथेही भरकटते. दुसरे म्हणजे, सूचना सगळ्याच बंद कराव्यात का? पावसाचे काय करावे?

उत्तर ३ : जालना

यूट्यूबमध्ये पाहण्याचा इतिहास बंद करून जुना पुसून टाका. २०२३ पासून असे केले की मुखपृष्ठावर शिफारशींचे व्हिडिओ येत नाहीत. जवळजवळ कोरे पान आणि शोधण्याची चौकट उरते. जे हवे ते नाव घालून शोधावे लागते आणि नेमके तेच आपल्याला हवे आहे. एखादी वाहिनी नेहमीची असेल, तर तिचा पत्ताही फीड वाचणाऱ्या अॅपमध्ये घालता येतो, कारण यूट्यूबच्या प्रत्येक वाहिनीला फीड असते.

उत्तर ४ : परभणी, निवृत्त ग्रंथपाल

सूचनांविषयी मी लिहितो. माझ्या फोनवर फोन-कॉल, बँकेचे संदेश आणि 'दामिनी' या तिघांनाच आवाज करण्याची परवानगी आहे. दामिनी हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे वीज पडण्याचा इशारा देणारे अॅप आहे. आपल्या मराठवाड्यात दरवर्षी शेतात माणसे आणि जनावरे विजेने दगावतात, त्यामुळे ती सूचना कोणीही बंद करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पावसासाठी सूचनेची वाट पाहण्यापेक्षा मुळाशी जावे. इथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानावर आधारित कृषी सल्ला निघतो. फवारणी कधी करावी, कधी थांबावी, हे त्यात पीकवार असते. ताई, भावाला हे दोन वार सांगून ठेवा. त्या सल्ल्याच्या पानाची खूण फोनच्या पहिल्या पडद्यावर ठेवा आणि फेसबुकचे चिन्ह तिथून हलवा.

फेसबुक ठेवायचेच असेल, तर २०२२ पासून त्यात 'फीड्स' नावाचा वेगळा विभाग आहे. त्यात तुम्ही जोडलेली माणसे आणि पाने अलीकडच्या क्रमाने दिसतात. इन्स्टाग्रामवरही 'फॉलोइंग' हा तसा पर्याय आहे, पण अॅप पुन्हा उघडले की ते मूळ पानावर परत जाते, हे लक्षात ठेवा. ज्यांच्याशी नाते तोडायचे नाही, पण ज्यांच्या पोस्ट नकोत, त्यांना मित्रयादीत ठेवून अनफॉलो करता येते. मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर तारखेचाच क्रम मूळचा आहे, मात्र आपल्या भागातली माणसे तिथे फार थोडी आहेत.

नांदेडच्या मित्रांच्या एका म्हणण्याला मला थोडी पुस्ती जोडायची आहे. पान संपले पाहिजे, हे खरेच आहे. परंतु आपण निवडलेली यादी हळूहळू आपल्याच मताची होते. मी तीस वर्षे वाचनालयात काढली. आमच्या वृत्तपत्रांच्या लाकडी स्टँडवर परस्परविरोधी मतांची पत्रे शेजारी शेजारी लावलेली असत आणि हवे ते पत्र दुसऱ्याच्या हातात असले, की वाचक नाइलाजाने शेजारचे उचलत असे. त्या नाइलाजातून पुष्कळांची दृष्टी मोठी झालेली मी पाहिली आहे. म्हणून माझ्या यादीतील बारा नावांपैकी दोन अशा लेखकांची आहेत ज्यांच्याशी माझे पटत नाही, पण जे अभ्यास करून लिहितात. दर दिवाळीला मी यादी काढून बसतो. वर्षभरात ज्याचा एकही लेख पूर्ण वाचला नाही ते नाव काढतो आणि एक नवे घालतो.

उत्तर २ मधील सभासद

सर, तुमचे म्हणणे पूर्णपणे मान्य आहे. माझ्या यादीत असे एकही नाव नाही, हे तुमचे वाचल्यावर तपासले तेव्हा कळले. शेतीच्या धोरणावर तुमच्या उलट मताचे, पण अभ्यासाने लिहिणारे कोणी असेल, तर नाव सुचवावे.

वाचनवेडी

आज शुक्रवार. सल्ल्याचे पान उघडून भावाला वाचून दाखवले. उद्या सकाळी फवारणी करायचे ठरले आहे. यूट्यूबचा इतिहास पुसला. शाळेतल्या संगणकावरही तसेच केले. मधल्या सुट्टीत सातवीच्या मुलीने विचारले की बाई, यूट्यूब रिकामे का दिसते. तिला शोधायची चौकट दाखवली आणि काय पाहायचे ते लिही म्हटले, तर तिने बराच विचार करून 'ज्वालामुखी' असे लिहिले.

सर, ज्यांच्याशी पटत नाही अशांची नावे मलाही हवी आहेत. शिक्षणावर लिहिणारे असतील तर अधिक बरे.