२० सीसी पेट्रोल इंजिन: करंट आहे, पण स्टार्ट होत नाही

तापीकाठ_आरसी (चोपडा)
राम राम मंडळी. बाल्साच्या हाय विंग ट्रेनरवर (हलक्या लाकडाचं, रिमोटवर उडणारं शिकाऊ विमान) २० सीसीचं टू स्ट्रोक पेट्रोल इंजिन आहे, पावसाळाभर विमान माळ्यावर टांगलेलं होतं, आता कपाशी निघून शेत मोकळं झालं म्हणून खाली काढलं तर इंजिन काही केल्या सुरू होईना. चोक लावून पंखा (प्रोपेलर) फिरवतो, एखाद्या वेळी फट् करतं अन् परत गप्प. प्लग काढून कॅपमध्ये लावून हेडला टेकवून पाहिला, निळा करंट (ठिणगी) पडतो. पेट्रोल-ऑइलचं मिक्स ताजं आहे, ३०:१. खांदा भरून आला फिरवून फिरवून. आता कार्बोरेटरच्या मिश्रणाच्या सुया फिरवून बघू का?

बनाना_पायलट (रावेर)
सुयांना हात लावू नको भो! गेल्या सिझनला त्याच सेटिंगवर उडत होतं ना, मग माळ्यावर टांगल्या टांगल्या सुया कशा फिरतील. आधी सांग, चोक लावून बराच वेळ फिरवल्यावर प्लग काढला तर ओला निघतो का कोरडा? ओला असेल तर पेट्रोल जास्त झालंय, मग चोक उघडून, प्लग बाहेर ठेवून पंखा फिरव, आतलं उडून जाईल. कोरडा असेल तर पेट्रोल वरपर्यंत येतच नाहीये. आणि प्लग बाहेर असताना इग्निशनचा स्विच बंदच ठेव, कॅपमध्ये प्लग नसताना करंट सोडला तर सीडीआय (करंट तयार करणारा इलेक्ट्रॉनिक डबा) उडतो.

जुना_ग्लोवाला (धुळे)
मी म्हणेन इग्निशनची बॅटरी बघ. पडून राहिलेली बॅटरी मीटरवर व्होल्टेज बरोबर दाखवते आणि लोड आला की बसते, त्यामुळे बाहेर करंट दिसतो पण आत कॉम्प्रेशनमध्ये पडत नाही. दुसरं म्हणजे टाकीतली नळी. ग्लो इंजिनची (मिथेनॉलवर चालणाऱ्या छोट्या इंजिनची) सिलिकॉन नळी पेट्रोलला चालत नाही, फुगते, मऊ पडते, आणि ग्लोचा रबरी बूचही तसाच विरघळतो. पेट्रोलचीच नळी हवी.

तापीकाठ_आरसी
नळी पिवळी, पेट्रोलचीच आहे दादा, बूचही. बॅटरी चार्ज करून परत लावली, फरक नाही. प्लग मात्र एकदम कोरडा ठणठणीत. गंमत अशी की कार्बोरेटरच्या तोंडात दोन थेंब पेट्रोल टाकलं की लगेच सुरू होतं, क्षणभर भुर्र करतं आणि बंद.

फवारापंप_मिस्त्री (अमळनेर)
मग झालं की निदान, करंट, कॉम्प्रेशन, टायमिंग सगळं ठीक, फक्त पेट्रोल पोचत नाही. मी फवारणीचे पंप आणि ग्रासकटर दुरुस्त करतो, विमानाचं इंजिन काय वेगळं नाय, कार्बोरेटर तोच डायफ्रामवाला, म्हणजे आत पातळ लवचिक पडदे असलेला. दर जूनला शेतकरी पंप घेऊन येतात, मागच्या सिझनचं पेट्रोल तसंच टाकीत, आणि तक्रार शब्दाला शब्द तुझीच. आता पेट्रोल पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) मिळतं, त्यातलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, पेट्रोल उडून जातं, मागे ऑइलचा चिकट थर राहतो, पडदे कडक होतात आणि पेट्रोल आत सोडणारी सुई सीटला चिकटते.

पहिले टाकीम्हानी नळी देख भो, क्लंक (नळीच्या टोकाचं वजन) मोकळा आहे का, व्हेंट (टाकीत हवा यायची वाट) बंद नाही ना, नळीला बारीक चीर नाही ना, कारण चिरेतून एअर घेतलं की पेट्रोल वर चढत नाही. ते ठीक असेल तर कार्बोरेटर उघड. एका स्क्रूचं झाकण असतं ती पंपाची बाजू, त्याखाली बारीक जाळी आहे, तिथे कचरा बसतो, आपल्या काळ्या मातीची धूळ तर कुठेही शिरते. दुसऱ्या बाजूला चार स्क्रूंचं झाकण, त्याखाली मीटरिंगचा, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा पडदा. बोटाने दाबून बघ, मऊ नसून कागदासारखा कडकड वाजला तर गेला. बसवताना क्रम चुकवू नको: पंपाच्या बाजूला आधी पडदा मग गॅस्केट, मीटरिंगच्या बाजूला आधी गॅस्केट मग पडदा. उलटं लावलं तर परत इथेच येशील. आतली छोटी लिव्हर वाकवू नको, तिच्या उंचीवर सगळं मिश्रण अवलंबून असतं.

अजून एक, कार्बोरेटर आणि इंजिनमधल्या गॅस्केटला छोटं भोक असतं, क्रँककेसमधल्या दाबाचा धक्का तिथून पंपाच्या पडद्याला मिळतो. ते झाकलं गेलं तर नवे पडदेही काही करणार नाहीत. पडद्यांचं किट कार्बोरेटरचा मॉडेल नंबर बघून घे, फवारणी पंपाच्या स्पेअरच्या दुकानात मिळालं तर स्वस्तात काम होईल.

बनाना_पायलट
मिस्त्री, दुकानात बोर्ड लावा, विमाने दुरुस्त करून मिळतील 😄

तापीकाठ_आरसी
बरोबर निघालं मिस्त्री. जाळी स्वच्छ होती, पण मीटरिंगचा पडदा कडक, पापडासारखा. किट जळगावला मिळालं, दोन्ही पडदे बदलले, आज सकाळी थंड इंजिन थोड्याच फटक्यांत लागलं, सुया तशाच आहेत. फक्त उतरल्यावर लगेच परत सुरू करायला गेलो तर दुपारच्या उन्हात हट्ट धरतं, चोक लावला तरी नाही.

फवारापंप_मिस्त्री
गरम इंजिनला चोक लावायचाच नाही, पेट्रोल ओव्हर होतं. थ्रॉटल आयडलच्या जरा वर ठेव आणि जोरात फटका मार. उतरल्यावर लगेच काउलिंगमध्ये (इंजिनवरच्या झाकणात) उष्णता कोंडते आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळतं, म्हणून थोडा वेळ सावलीत नाक वाऱ्याकडे करून ठेव. काउलिंगला हवा बाहेर जायची जागा आत यायच्या जागेपेक्षा मोठी आहे का तेही बघ. आणि हातात जाड ग्लोव्ह घाल, शेपूट बांधून ठेव, २० सीसीचा पंखा बोटं ठेवत नाही.